सेलचा मोह आणि 'फुकट' गेमची किंमत

२०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला. सराफ पेठा आणि दुचाकींच्या दालनांत मुहूर्ताची गर्दी उसळलेली असताना संगणकावर गेम खेळणाऱ्यांची खरेदी वेगळ्याच बाजारात सुरू होती. 'स्टीम' या अमेरिकी ऑनलाइन दुकानाचा शरद ऋतूतील सेल त्या वर्षी २९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर या काळात होता. भारतीय सणांशी त्याचा संबंध नव्हता. मुहूर्त जुळला तो निव्वळ योगायोगाने. मात्र या बाजाराला गावाची वेस नाही. पुण्याच्या कोथरूडमध्ये जी किंमत पडद्यावर दिसते, तीच अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशातही दिसते.

हा बदल लहान नाही. नगर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या साधारण मध्यावर असलेले नेवासे बाहेरच्यांना ज्ञानेश्वरीचे गाव म्हणून ठाऊक आहे आणि तालुक्याचे अर्थकारण उसावर चालते. दोन दशकांपूर्वी अशा तालुक्याच्या ठिकाणी गेमची खरेदी म्हणजे मोठ्या शहरातून कोणीतरी आणलेली, बहुतेक वेळा नकली, सीडी असे. टीव्हीला जोडायच्या खेळण्यातील 'कॅसेट'वर मारिओ आणि कॉन्ट्रा, सायबर कॅफेत तासावर काउंटर-स्ट्राइक आणि मित्राच्या संगणकावर 'व्हाइस सिटी' एवढ्यावर एका पिढीची हौस भागली. अस्सल प्रत विकत घेण्याचा विचार फारसा कोणी केला नाही, कारण ती मिळतच नव्हती आणि मिळाली तरी परवडत नव्हती. २०१५ च्या अखेरीस स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या, २०१६ पासून मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि पुढे यूपीआयने उरलेला अडसर दूर केला. चोरीची सीडी वापरणारा शौकीन ग्राहक झाला तो कायद्याच्या धाकाने नव्हे, तर सोयीने आणि सवलतीने.

या ग्राहकाच्या आवडीकडे पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. महागडे ते चांगले, हे समीकरण त्याने केव्हाच मोडीत काढले आहे. मोठ्या कंपन्यांच्या नव्या गेमच्या किमती भारतात चार-पाच हजार रुपयांपर्यंत गेल्या आहेत. परंतु शौकिनांच्या गप्पांत पुन्हा पुन्हा येणारी नावे अनेकदा छोट्या संचांची असतात. ऑस्ट्रेलियातील 'टीम चेरी' या मूठभर मंडळींच्या 'हॉलो नाइट'चा पुढचा भाग, 'सिल्कसाँग', ४ सप्टेंबर २०२५ रोजी अवघ्या २० डॉलरला विक्रीस आला आणि पहिल्याच तासांत ग्राहकांच्या झुंबडीने मोठमोठी ऑनलाइन दुकाने अडखळली. एरिक बॅरोन या एकट्या तरुणाने चारएक वर्षे खपून केलेला 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ मध्ये आला. डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती खपल्या होत्या. हा खेळ आहे शेतीचा. आजोबांनी ठेवलेल्या रानात पेरणी करायची, पाणी घालायचे, आलेला माल विकायचा. यात उसाचे बिल थकत नाही आणि रात्री-बेरात्री येणाऱ्या विजेसाठी मोटारीपाशी जागावे लागत नाही. नेवासे तालुक्यातील खऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही तो आवडला, तर नवल वाटू नये.

मराठी वाचकाने याच यादीत 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक'ची नोंद घ्यायला हवी. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने केलेला हा गेम २०२० मध्ये आला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, पार्श्वभूमीला राजस्थानी वास्तुकला असे त्याचे रूप आहे. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. काही तासांत संपतो, ही त्याच्याविषयीची नेहमीची तक्रार. ती रास्त नाही. मुख्य कथाच पन्नासेक तासांची असलेला 'विचर ३' उत्तम आहे हे खरे, पण रोज एक तास खेळणाऱ्या नोकरदाराला तो पुरा करायला जवळपास दोन महिने लागतात. लांबीवरून किंमत ठरवायची तर कादंबरीपुढे कथा नेहमीच महाग ठरेल.

सेलचा खरा हिशेब येथेच सुरू होतो. स्टीम चालवणाऱ्या 'व्हॉल्व्ह'चे प्रमुख गेब न्यूवेल यांनी २००९ मध्ये एका परिषदेत आपल्या सुट्टीतील सेलचे आकडे मांडले होते. किंमत १० टक्क्यांनी उतरवली तेव्हा उलाढाल ३५ टक्क्यांनी वाढली, २५ टक्के सवलतीला २४५ टक्क्यांनी, ५० टक्क्यांना ३२० आणि ७५ टक्क्यांना तब्बल १,४७० टक्क्यांनी. हे आकडे खपाचे नाहीत, जमलेल्या पैशांचे आहेत. म्हणजे चार आण्यांत विकूनही दुकानदार अधिक श्रीमंत झाला. डिजिटल मालाला गोदाम लागत नाही आणि जास्तीची प्रत काढायला खर्च येत नाही, त्यामुळे सवलत ही दुकानाची उदारता नसून विक्रीची सर्वांत प्रभावी युक्ती आहे.

दुसऱ्या बाजूला ग्राहकाच्या पदरात काय पडते? २०१४ मध्ये 'आर्स टेक्निका' या संकेतस्थळाने स्टीमवरील खात्यांचा नमुना तपासून अंदाज बांधला होता. खात्यांवर नोंदलेल्या सुमारे ७८ कोटी गेमपैकी ३७ टक्के एकदाही सुरू केले गेले नव्हते. सेलमध्ये तीनशे रुपयांप्रमाणे वीस गेम घेतले तर सहा हजार रुपये जातात. प्रत्येकी वीस तास धरले तर खेळायला चारशे तास, म्हणजे रोज एक तास दिला तरी वर्षाहून अधिक काळ लागेल. तोवर पुढचे चार सेल येऊन गेलेले असतात. साड्यांच्या सेलला नाके मुरडणाऱ्या घरातील मुलाचे हे कपाट कोणाला दिसत नाही, एवढाच फरक.

तरीही जाणत्या शौकिनाला उधळ्या म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो इच्छायादी करून ठेवतो, मागील वर्षांतील नीचांकी किंमत पाहतो आणि त्याखाली भाव आल्याशिवाय हात घालत नाही. स्टीमचे काही नियमही त्याच्या बाजूचे आहेत. किंमत वाढवल्यावर ३० दिवस सवलत देता येत नाही, त्यामुळे आधी भाव चढवून मग उतरवल्याचा देखावा करणे अवघड जाते. जून २०१५ पासून खरेदीच्या चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मिळतात. मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हॉल्व्हने देशनिहाय किमतींची शिफारस बदलली आणि रुपयांतील आकडे वर सरकले. शिफारस बंधनकारक नव्हती, पण तिचा आधार घेणाऱ्या प्रकाशकांची मूळ किंमतच वाढली. अशा वेळी टक्केवारी तीच राहिली तरी स्वस्ताई तीच राहत नाही.

विकत घेतलेले आपले असते, हा समजही तपासून पाहावा लागतो. 'युबीसॉफ्ट'ने 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पूर्ण पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. ग्राहकाला मालकी नव्हे, परवाना मिळतो, हे दुकानांनी स्पष्ट सांगावे असा कायदा कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी केला आणि स्टीमच्या खरेदी-पानावर तशी सूचना झळकू लागली.

इतके असूनही सेलमधील गेमची किंमत निदान लिहिलेली असते. फुकट गेमची नसते आणि पालकांनी काळजी करायची ती याची. लहान गावांत संगणकापेक्षा मोबाइल अधिक, त्यामुळे तेथील बहुसंख्य मुलांचा गेमशी संबंध येतो तो याच मार्गाने. उतरवून घेताना एक रुपया लागत नाही. पुढे पोशाख, बंदुकीचे रंग, हंगामी पास आणि आत काय निघेल हे पैसे भरल्यावरच कळणारे 'लूट बॉक्स' यांतून वसुली होते. पन्नास-शंभर रुपयांच्या या खर्चाला सेलसारखी तारीख नसते आणि बेरीजही कुठे ठळक दिसत नाही. वर सरकारी निर्णयाची टांगती तलवार आहेच. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये भारतापुरती आवृत्ती आली, जुलै २०२२ मध्ये तीही दुकानांतून हटवली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि करमणुकीचे खेळ वेगळे ठेवले. विभागणी योग्य आहे. परंतु लूट बॉक्स या दोहोंच्या मधोमध पडतो. त्यात नशीब आहे, पैसा आहे. हाती येते ते मात्र रोख नसून पडद्यावरचे चित्र. बेल्जियमने २०१८ मध्ये त्याला जुगारात मोजले. भारतीय कायद्यात त्याचे नावही नाही. तूर्त हाताशी आहेत ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे. खोटी घाई निर्माण करणे, न मागता टोपलीत वस्तू टाकणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना त्यांनी मनाई केली असून भारतात माल किंवा सेवा देणाऱ्या सर्व ऑनलाइन मंचांना ती लागू आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. नेवाशातून तो तसाच लागतो, जसा पुण्यातून.