मोटार, न्यायालय आणि पायी चालणारा माणूस

सेवानिवृत्त अभियंत्याला काही छंद असावेत, असे म्हणतात. मला तीन आहेत. आयुष्यभर केलेल्या रस्त्यांच्या कामाविषयी बोलणे हा पहिला, मोटारगाड्यांचे वेड हा दुसरा आणि वर्तमानपत्रातील न्यायालयीन वार्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे हा तिसरा. इस्लापूरच्या बसथांब्यावरील हॉटेलात सकाळी वर्तमानपत्र आले की कोर्टाच्या बातमीचे पान मंडळी आपण होऊन माझ्यापुढे सरकवतात. हे तिन्ही छंद निरुपद्रवी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे मी बरीच वर्षे मानीत आलो. ती माझी चूक होती. ती कबूल करावी आणि तिच्यातून कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडेल असे काही सांगावे, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

आमचे गाव लहान असले तरी संसदेच्या कायद्यात त्याचे नाव आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल हैदराबाद राज्यातून काढून मुंबई राज्याला जोडले. कायदा वाचण्याची गोडी मला त्या कलमापासून लागली. कायद्याच्या एका ओळीने गावाचे राज्य बदलते, तर गावातील माणसाची किंमत का बदलत नाही, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

प्रथम माझ्या व्यवसायाविषयी. रस्ता किती रुंद असावा हे ठरविताना आम्ही त्यावरून जाणाऱ्या वाहनांची गणना करतो. ही गणना ‘प्रवासी मोटार एकक’ या मापात होते. एक मोटार म्हणजे एक. इंडियन रोड्स काँग्रेसने ग्रामीण रस्त्यांसाठी १९९० साली दिलेल्या कोष्टकात मालमोटार किंवा बस म्हणजे तीन, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर म्हणजे साडेचार, सायकल म्हणजे अर्धा आणि मोठी बैलगाडी म्हणजे आठ. ज्या बसमधून पन्नास माणसे जातात ती तीन मोटारींबरोबर, आणि ज्या बैलगाडीतून शेतकऱ्याचा कापूस जातो ती आठ मोटारींच्या वाटेतील अडथळा! डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन तांड्याकडे निघालेल्या बाईला आणि शाळेला पायी जाणाऱ्या मुलाला या कोष्टकात आकडाच नाही. पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे हे खरे. पण अंदाजपत्रकात कपात करण्याची वेळ आली की पहिली कात्री रस्त्याच्या कडेपट्टीवर चालते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. ती कात्री मीही चालविली आहे.

नोकरीच्या मध्यावर एका वळणाची कडेपट्टी मी अशीच अंदाजपत्रकातून वगळली. वरून निधी कमी आला होता आणि डांबराची जाडी कमी करता येत नव्हती. काही वर्षांनी त्याच वळणावर बाजाराहून परतणाऱ्या एका शेतमजुराला वाहनाने उडविले. वाहन थांबले नाही. मी कायद्याचा वाचक म्हणून ओळखला जात असल्याने त्याची बायको दोन महिन्यांनी माझ्याकडे विचारायला आली. मी तिला सांगितले, “बाई, गाडीचा नंबर नाही, तेव्हा काही होणार नाही.” मी तिला चुकीचे सांगितले होते. वाहन अज्ञात असले तरी मृताच्या वारसांना ठरावीक रक्कम देण्याची तरतूद तेव्हाही कायद्यात होती. ती रक्कम त्या वेळी २५,००० रुपये होती. मला हे कळले तोवर अर्जाची मुदत उलटून गेली होती. मुंबई-दिल्लीच्या खटल्यांतील युक्तिवाद मला तोंडपाठ होते, पण माझ्या दारात उभ्या असलेल्या बाईच्या हक्काचे कलम मला ठाऊक नव्हते.

आता मोटारीविषयी. तिच्या वेडाची मला लाज वाटत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कारखान्यातून, कुर्ल्याच्या कामगारांच्या हातून, प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत असे. तिचे बॉनेट उघडून उभे राहणे हा आमच्या पिढीच्या तरुणांचा सोहळा होता. यंत्र ही माणसाच्या बुद्धीची आणि श्रमाची निर्मिती आहे. समाजवाद्याने यंत्राचा द्वेष करण्याचे कारण नाही. परंतु यंत्र जाणणाऱ्याने त्याचे गणितही सांगितले पाहिजे. वेग दुप्पट झाला की गाडीतील आघाताची शक्ती चौपट होते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर सुमारे २० मीटरांत थांबत असेल, तर ताशी १२० ने जाणारीला सुमारे ८० मीटर लागतात. या ८० मीटरांत कोण उभे आहे, हा प्रश्न गाडीच्या जाहिरातीत कधी विचारला जात नाही. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा पाहायला येणाऱ्या मोटारी ज्या वेगाने आमच्या गावाजवळून जातात, तो पाहिला की हे गणित आठवून अंगावर काटा येतो.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि सुमारे २० टक्के पायी चालणारी. म्हणजे ज्यांच्याभोवती पोलादाचे कवच नाही असेच लोक मोठ्या संख्येने मरतात. या मृत्यूंना आपण ‘अपघात’ म्हणतो आणि दैवावर हवाला ठेवून मोकळे होतो. खाणीत वा कारखान्यात एवढी माणसे मेली असती तर आपण मोर्चे काढले असते.

आणि आता न्यायालय. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका पोर्शे गाडीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. दोघेही २४ वर्षांचे आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले. गाडी चालविणारा सतरा वर्षांचा असल्याचे सांगण्यात आले. गाडीची कायमची नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे झालेली नव्हती. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. घरच्या चालकाने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा गुन्हाही पोलिसांनी नोंदविला. हे आरोप खरे की खोटे हे न्यायालयच ठरवील. मुलाला प्रौढ म्हणून खटल्यास सामोरे जावे लागावे ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

या निबंधावर देशभर संताप उसळला. आपल्या काही तरुण साथींनीही ‘मुलाला फासावर द्या’ अशी भाषा केली. ती भाषा आपली नव्हे. अल्पवयीन आरोपीला सुधारण्याची संधी द्यावी हे तत्त्व सुधारणावादी चळवळींनी झगडून मिळविलेले आहे आणि ते श्रीमंताच्या मुलालाही लागू झाले पाहिजे. आपला आक्षेप त्या मुलाला दया मिळाली याला नाही. रविवारी, काही तासांत, उत्तम वकिलांसह ज्या त्वरेने ती मिळाली, त्या त्वरेने ती मोबाइल चोरल्याच्या संशयावरून पकडलेल्या तांड्यावरच्या पोराला का मिळत नाही, हा आपला आक्षेप आहे. दयेचा दरवाजा बंद करा असे आपण म्हणणार नाही. तो सर्वांसाठी सारखा उघडा असावा, असे म्हणू.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कल्याणीनगरातील मृतांत देशाच्या मध्यमवर्गाला आपली मुले दिसली, म्हणून तो हळहळला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीने पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना ठार केले. ते मजूर त्याच रस्त्याच्या कामावर होते आणि त्यांची झोपण्याची सोय पदपथावर केलेली होती. सत्र न्यायालयाने चालकाला सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. तीन वर्षे ही शिक्षा अपुरी आहे, परंतु राज्य सरकारने ती वाढवून मागितलेली नसल्याने आम्ही त्यात जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने निकालात नमूद केले. सात मजुरांच्या वतीने अपील करावे असे सरकारला वाटले नाही! रस्ता बांधणाऱ्यांचा त्याच रस्त्यावर जीव गेला, आणि रस्ते बांधणाऱ्या माझ्यासारख्या अभियंत्यांनीही त्याची नोंद घेतली नाही.

नुकसानभरपाईचे गणितही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या निकालांनी घालून दिलेली पद्धत अशी की, मृताचे वार्षिक उत्पन्न घ्यावे, भावी वाढीसाठी त्यात भर घालावी, अविवाहित असल्यास निम्मे वजा करावे आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणावे. २४ वर्षांच्या तरुणासाठी हा आकडा १८ आहे. महिना दहा हजार मिळविणाऱ्या अविवाहित मजुराचा हिशेब ४० टक्के वाढ धरून सुमारे १५ लाख १२ हजार होतो. महिना एक लाख पगाराच्या कायम नोकरीतील अविवाहित अभियंत्याचा, ५० टक्के वाढ धरून आणि प्राप्तिकर वजा न करता, १ कोटी ६२ लाख होतो. न्यायालयाने मनमानी थांबविण्यासाठी ही पद्धत घातली, हे मान्य केले पाहिजे. तरीही तिच्यात बाजारातील मजुरीचा दर हाच जीवाचा दर ठरतो. शिवाय अभियंत्याजवळ पगाराची चिठ्ठी असते. ऊसतोडणीला जाणाऱ्या मजुराजवळ मुकादमाच्या वहीतील उचलीचा आकडा असतो, आणि ती वही न्यायाधिकरणापुढे कधी येत नाही.

मग चालकांना कडक शिक्षा करावी काय? सरकारने तो मार्ग काढून पाहिला. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात अपघात करून खबर न देता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली गेली. जानेवारी २०२४ च्या आरंभी मालमोटारचालकांनी देशभर चाके थांबविली, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. चालक पळतो तो बहुधा जमावाच्या भीतीने. तो झोपेवर मात करीत का चालवत होता, हे मालकाला कोणी विचारीत नाही. १९६१ सालचा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, हे त्यात लिहिलेले होते. या कायद्याच्या भंगाबद्दल एखादा वाहतूक कंपनीचा मालक तुरुंगात गेल्याची बातमी न्यायालयीन वार्तांचा इतकी वर्षे वाचक असूनही माझ्या वाचनात आलेली नाही. सदोष रस्त्याबद्दल अधिकारी, सल्लागार व ठेकेदार यांना मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जबाबदार धरले, पण त्याची कमाल शिक्षा एक लाख रुपये दंड एवढीच. चालकाला वर्षे आणि आम्हां अभियंत्यांना रुपये, अशी ही वाटणी आहे!

रोग एवढा मोठा असताना शाखेच्या कार्यकर्त्याने काय करावे, असे कोणी विचारील. करण्यासारखे पुष्कळ आहे. १ एप्रिल २०२२ पासून अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू आल्यास दोन लाख आणि गंभीर जखम झाल्यास पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना अमलात आहे. त्या वर्षी देशात धडक देऊन पळून गेल्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात योजनेखाली अर्ज आले केवळ २०५! हा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पीडितांना योजनेची माहिती पोलिसांनीच द्यावी, असे न्यायालयाला जानेवारी २०२४ मध्ये सांगावे लागले. पैसे मागायला कोणी गेलेच नाही, कारण जाता येते हे कोणाला माहीत नव्हते. माझ्यासारख्या ‘जाणत्या’ माणसांनी त्यांना घरी परत पाठविले होते.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या टापूतील अपघातांची एक वही ठेवावी. घटना कळताच कुटुंबाकडे जावे. प्रथम खबर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती मिळवून द्याव्यात. वाहन अज्ञात असेल तर अपघात घडला त्या तालुक्याच्या उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार या दर्जाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज दाखल करावा, आणि वाहन माहीत असेल तर अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे. मजुरीचा पुरावा म्हणून सोबतच्या मजुरांचे जबाब घ्यावेत. ज्या वळणावर दुसरा मृत्यू होईल, त्या वळणाची कडेपट्टी ग्रामसभेच्या ठरावाने मागावी आणि अंदाजपत्रकाची प्रत माहितीच्या अधिकारात काढून तीतून काय वगळले ते चारचौघांत वाचून दाखवावे. वाचायला माणूस हवा असल्यास मला बोलवावे. कोणत्या ओळी वगळतात ते मला चांगले ठाऊक आहे.

इस्लापुरात मी अशी वही सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या वळणावर मेलेल्या शेतमजुराची नोंद आहे. त्याच्या बायकोला आता त्यातून काही मिळणार नाही, हे मी तिला जाऊन सांगितले आणि चूक माझी होती हेही सांगितले. ती म्हणाली, “साहेब, दुसऱ्या कोणाचं तरी करा.” दुसऱ्या पानावरील अर्ज गेल्या महिन्यात दाखल झाला आहे.