नकाशातील बेचिराख गावे

आमच्या घरात नकाशा म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला. धुऱ्याचा वाद निघाला की त्याची आठवण व्हायची. भारतीय सर्वेक्षण खात्याचा, मैलाला एक इंच मापाचा मेळघाटचा जुना स्थलनिर्देशक नकाशा मी कॉलेजात आल्यावरच पाहिला. असा नकाशा आपण वाचायला शिकावे, आणि त्याला प्रश्नही विचारावेत, असे माझे मत आहे.

या कागदामागचे श्रम थोर आहेत. १८०२ साली मद्रासकडे त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली मोजणीच्याच प्रवासात आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. समोच्च रेषांची किमया तर पाहावी! चिखलदऱ्याच्या पठारावर त्या विरळ असतात आणि दरीच्या काठाशी इतक्या दाटतात की सपाट कागदावर कडा उभा राहतो.

पण मित्रहो, मला रेषांपेक्षा नावे अधिक बोलकी वाटतात. १९७३-७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, १९८७ साली गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे बोरी, कोहा, कुंड, केलपाणी, गुल्लरघाट अशी कोरकूंची गावे जंगलातून उठून अकोला जिल्ह्यात अकोटकडे आली. वाघ जगावा, याविषयी वाद नाही. शाळा, दवाखाना जवळ यावा असे त्या लोकांनाही वाटत असेल. प्रश्न आहे तो नोंदीचा.

नकाशाच्या चिन्हसूचीत गावांचे दोनच प्रकार असतात : वस्तीचे आणि ओसाड. महसुली भाषेत ओसाड गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. बेचिराख म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. आपल्याकडे अशी रिठाची गावे पुष्कळ आहेत. पटकीने, दुष्काळाने गाव उठणे वेगळे आणि सरकारी निर्णयाने उठणे वेगळे. दोहोंना एकच चिन्ह दिले, तर निर्णय कोणी घेतला हे पुढच्या पिढीला कसे कळणार?

म्हणून नव्या नकाशात गावाचे नाव पुसू नये. त्यापुढे ‘पुनर्वसित’ असे लिहून साल द्यावे. आणि आपणही हातावर हात ठेवून बसू नये. अकोट काही दूर नाही. तेथील नव्या वस्त्यांत जाऊन म्हाताऱ्यांकडून ओढ्यांची, टेकड्यांची, देवस्थानांची कोरकू नावे उतरवून घ्यावीत, जुन्या नकाशाशी ताडून पाहावीत आणि ती वही ग्रंथालयात ठेवावी. ही नावे सांगणारी माणसे आज आहेत. नकाशासारखी ती कपाटात जपून ठेवता येत नाहीत.