गृहयंत्रविचार : सायंकाळीं अडखळणारें चित्र

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे जीं पत्रें आलीं, त्यांतील बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. पत्रलेखक निरनिराळ्या गांवचे आहेत, पण तक्रार सर्वांची सारखी. घरांतील वायफाय एरवीं उत्तम चालतें; परंतु टीव्हीवर व्हिडिओ पाहावयास बसलें म्हणजे मध्येंच चित्र धूसर होतें, पडद्यावर तें गोल चक्र फिरूं लागतें, आणि कांहीं वेळानें, कोणी कांहींहि न करतां, सर्व पुन्हां सुरळीत होतें. तंत्रज्ञ घरीं आला म्हणजे मात्र, पाहुण्यांदेखत शहाण्यासारखें वागणाऱ्या हूड मुलाप्रमाणें, हा दोष कोठें लपतो तें कळत नाहीं.

या विषयावर लिहिण्याचें आम्हीं आजवर टाळलें. त्याचें कारण सांगण्यास संकोच वाटतो. पण तें सांगितल्यावांचून हा लेख लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. हाच दोष मागच्या चातुर्मासांत आमच्या घरीं उद्भवला होता, आणि त्यापायीं आमच्या हातून एका मुलावर अन्याय घडला.

आमचें बिऱ्हाड पुण्यास एका पांच मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आहे. मातोश्रींना आतां देवळांत जाणें होत नाहीं. म्हणून चातुर्मासांत रोज सायंकाळीं साडेआठ वाजतां एका मंदिरांतून होणारें कीर्तनाचें थेट प्रक्षेपण त्या दिवाणखान्यांतील टीव्हीवर ऐकतात. पूर्वरंग बहुधा निर्विघ्न पार पडे. पण बुवा आख्यानांत शिरले आणि कथा रंगावर आली कीं चित्र थांबे. "अरे, पुन्हां थांबलें बघ," असें मातोश्री म्हणत, आणि आमची दृष्टि आपोआप आंतल्या खोलीच्या बंद दाराकडे जाई. त्या खोलींत आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अभ्यास करीत असे. बारावीच्या वर्षासाठीं तो रत्नागिरीहून आमच्याकडे येऊन राहिला आहे. सतरा वर्षांचा मुलगा, दार बंद, आणि इकडे वायफाय मंद. यावरून जो निष्कर्ष कोणीहि काढील तोच आम्हीं काढला. "मी खेळत नाहीं, काका," असें त्यानें दोनदां सांगितलें. तिसऱ्या वेळीं तो कांहीं बोलला नाहीं, आणि त्या मौनाचा अर्थहि आम्हीं आमच्या सोयीचा लावला. राउटरचा पासवर्ड बदलला व तो त्यास सांगितला नाहीं.

चित्र थांबावयाचें तें थांबतच राहिलें. येथेंच आमचे डोळे उघडावयास हवे होते. परंतु एकदां मनुष्यानें निकाल दिला कीं त्यास फेरतपासणी नकोशी होते. आम्हीं सेवा पुरविणाऱ्या कंपनीस दोष दिला. तिचा माणूस सकाळीं अकरा वाजतां येऊन गति मोजून गेला. ती पूर्ण भरली. मग सेकंदास १०० मेगाबिटांची योजना सोडून २०० ची घेतली. पैसे अधिक गेले, आणि कीर्तन पूर्वीप्रमाणेंच अडखळत राहिलें. वास्तविक पाहतां हा खर्च करण्यापूर्वीं साधा हिशेब करावयास हवा होता. नेटफ्लिक्ससारखी कंपनीसुद्धां अतिस्पष्ट, म्हणजे ४के, चित्रासाठीं सेकंदास १५ मेगाबिट, आणि १०८० रेषांच्या चित्रासाठीं अवघे ५ मेगाबिट पुरे म्हणते. ज्या घरांत १०० मेगाबिट येत असतां ५ मेगाबिट टीव्हीपर्यंत पोंचत नाहींत, तेथें २०० आणून काय होणार? टांकी भरलेली असून न्हाणीघराच्या नळास पाणी नसेल, तर कोणी दुसरी टांकी विकत घेत नाहीं.

ही कोंडी सोडविली ती आमच्या कुटुंबानें. तिनें एकच प्रश्न विचारला : "त्याचें वायफाय बंद करून पंधरा दिवस झाले, मग अजून कोण अडवतो आहे?" उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तिनें दुधाच्या हिशेबाच्या वहींत एक कोरें पान काढलें, आणि चित्र थांबलें कीं तेव्हांची वेळ, तें किती मिनिटें थांबलें, आणि त्या सुमारास घरांत काय काय चाललें होतें, हें लिहावयास आरंभ केला. अधूनमधून येणाऱ्या दोषास याहून चांगलें औषध आम्हांस माहीत नाहीं. कायमचा दोष पाहतांक्षणीं सांपडतो. येऊन-जाऊन असणारा दोष फक्त नोंदींत सांपडतो.

बारा दिवसांच्या नोंदींवरून असें दिसलें कीं थांबणें एका जातीचें नसून दोन जातींचें आहे. एक दोन-तीन मिनिटांत संपणारें. दुसरें वीस-पंचवीस मिनिटें रेंगाळणारें. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण होती. पाऊस पडला कीं वायफाय बिघडतें अशी आमची समजूत. पण वही सांगत होती कीं ज्या दिवशीं सकाळपासून पावसाची झड लागलेली असे, त्या रात्रीं दीर्घ थांबणें एकदांहि झालें नाहीं! याचा उलगडा कांहीं केल्या होईना.

तोंवर आम्हीं दुसरी परीक्षा केली. ती प्रत्येक घरीं करतां येण्याजोगी आहे, आणि सर्वांत आधीं करावी. वायफाय म्हणजे घरांत येणारी फायबरची तार नव्हे. तार राउटरपर्यंत येते. तेथून पुढील पांच-दहा हातांचा प्रवास हवेंतून होतो, आणि त्यालाच वायफाय म्हणावयाचें. दोष तारेंत आहे कीं हवेंत आहे, हें आधीं ठरलें पाहिजे. त्यासाठीं राउटर व टीव्ही साध्या लॅन केबलनें जोडावे. आमच्या दिवाणखान्यांतून ती निळी केबल आठवडाभर आडवी पडली होती, आणि येणारा-जाणारा तिच्यांत अडखळत होता. पण कीर्तन एकदांहि अडखळलें नाहीं. कंपनी निर्दोष ठरली. दोष घरच्याच हवेंत होता.

ज्यांच्याकडे केबल लावूनहि चित्र थांबेल, त्यांनीं कंपनीकडे जावें; पण रित्या हातीं जाऊं नये, वेळांची नोंद घेऊन जावें. फायबरच्या डबीवरील एल्‌ओएस्‌ नांवाचा दिवा तांबडा होतो काय, तें पाहावें. बारीक केबल कपाटामागें मुडपली असेल तर तीहि प्रकाश गिळते. डबीपाशीं पोंचणाऱ्या प्रकाशाचें माप तंत्रज्ञास दाखवावयास सांगावें; जीपॉन पद्धतींत तें साधारणतः उणें ८ व उणें २७ डीबीएम यांच्या दरम्यान असावें लागतें, आणि उणें २७ च्या अगदीं काठावर असेल तर एखादे वेळीं तुटणारच. आमच्याकडील वीजपुरवठाहि विसरूं नये. क्षणभर वीज गेली तर दिवे मिचकावून पुन्हां लागतात, पण राउटर नव्यानें सुरू होण्यास दोन-तीन मिनिटें घेतो, आणि तेवढ्यांत वायफायला शिव्या खाव्या लागतात.

आतां हवेचा विचार. पुतण्यास आम्हीं पासवर्ड परत दिला आणि या कामीं त्याचें साहाय्य मागितलें. क्षमा अद्याप मागितली नव्हती, कारण आमचा संशय पुरता गेला नव्हता; हेंहि येथें लिहून ठेवतों. त्यानें मोबाइलवर पाहून सांगितलें कीं दिवाणखान्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं मिळून एकोणीस वायफाय ऐकूं येतात, आणि बहुतेक सर्व २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत आहेत. या पट्ट्यांत तेरा वाहिन्या असल्या तरी त्या एकमेकींपासून केवळ ५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर आहेत, आणि प्रत्येक संभाषणास सुमारें २० मेगाहर्ट्‌झ रुंदी लागते. त्यामुळें एकमेकींच्या अंगावर न पडणाऱ्या वाहिन्या मिळतात त्या तीनच : १, ६ आणि ११. एकोणीस घरें आणि तीन वाटा!

त्यांत स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह. तोहि २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच चालतो. राउटर बोलतो तो साधारण एक दशांश वॅट शक्तीनें. मायक्रोवेव्हच्या पोटांत सातआठशें वॅट खेळत असतात. दाराच्या फटींतून त्याचा लवलेश बाहेर आला, तरी तेवढा राउटरचा आवाज बुडविण्यास पुरेसा होतो. ही गळती ठरवून दिलेल्या मर्यादेंत असल्यास मनुष्यास अपाय करीत नाहीं, म्हणून कोणीं घाबरूं नये. वहींतील आंखूड थांबणीं पाहिलीं, तेव्हां तीं रात्रीचें दूध तापविण्याच्या वेळेशीं जुळलीं. हा संबंध आधीं कोणाच्या लक्षांत आला नाहीं, याचें कारण गमतीचें आहे. व्हिडिओ दाखविणारें यंत्र पुढील कांहीं सेकंदांचें चित्र आधींच आणून सांठवून ठेवतें. शिधा संपेपर्यंत चुलीस कळत नाहीं कीं बाजार बंद आहे. म्हणजे मायक्रोवेव्ह लागतो तेव्हां चित्र ठीक असतें, आणि चित्र थांबतें तेव्हां दूध तापून कपांत आलेलें असतें. थेट प्रक्षेपणांत ही सांठवण थोडी करतां येते. म्हणून मातोश्रींचें कीर्तन अडे, आणि आम्ही रात्रीं पाहत असलेला चित्रपट अडत नसे.

राहतां राहिलें तें दीर्घ थांबणें. एका सायंकाळीं पुतण्यानें लॅपटॉपवरून राउटरला दर सेकंदास हाक मारून उत्तर किती वेळांत येतें तें मोजण्यास सुरुवात केली. त्यास पिंग करणें म्हणतात. साडेआठपर्यंत उत्तरें तीन-चार मिलिसेकंदांत येत होतीं. आठ अडतीसला तीं दोनशें, तीनशें मिलिसेकंदांवर गेलीं. कांहीं हाकांस उत्तरच मिळेना. आंत मातोश्री म्हणाल्या, "थांबलें." त्यानें राउटरच्या पानावर कोणतें उपकरण सर्वांत अधिक पाठवीत आहे तें पाहिलें, आणि हळूच म्हणाला, "काका, हा फोन तुमचा आहे."

आम्ही रोज पहांटे पर्वतीवर जातों आणि तेथें पक्ष्यांच्या चित्रफिती टिपण्याचा आम्हांस नाद आहे. रात्रीं जेवण झालें कीं फोन मागच्या खोलींत चार्जिंगला लावावयाचा, ही संवय. चार्जिंगला लागतांच फोन दिवसाच्या चित्रफिती आपल्या दूरच्या सांठ्याकडे आपण होऊन धाडूं लागे. एका मिनिटाच्या ४के चित्रफितीचें वजन तीन-चारशें मेगाबाइट सहज भरतें. तीन मिनिटांचें टिपण म्हणजे सुमारें एक गिगाबाइट, अर्थात् आठ हजार मेगाबिट. मागची खोली राउटरपासून दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे. तेथून फोनला सेकंदास सहा मेगाबिटांची गति कशीबशी मिळे. भागाकार वाचकांनींच करावा : बावीस मिनिटें! पाऊस पडला कीं आम्ही पर्वतीवर जात नव्हतों, आणि त्या रात्रीं पाठविण्यास कांहीं नसे. वहींतील कोडें असें सुटलें.

पण एका फोननें सर्वांस कां अडवावें? हवेंत एका वेळीं एकानेंच बोलावयाचें, असा वायफायचा नियम आहे. प्रत्येकास बोलण्याची पाळी मिळते, परंतु पाळी वेळाच्या मापानें मोजलेली नसते. सभेंत सर्वांस एकेक परिच्छेद वाचण्याची मुभा आहे, आणि एक गृहस्थ अक्षर अक्षर लावून वाचतात अशी कल्पना करा. सभेचा सारा वेळ तेच खातील. लांबचा, क्षीण आवाजाचा फोन हा तो गृहस्थ. अलीकडील कांहीं राउटर ही पाळी वेळानेंच मोजून देतात. आमचा तसा नव्हता.

उपाय त्या मानानें अगदीं सोपे निघाले. फोनची ती धाडणी रात्रीं सर्व निजल्यावर होईल अशी व्यवस्था केली. आमच्या टीव्हीस ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा समजत नाहीं, म्हणून ती निळी केबल भिंतीच्या कडेनें खिळवून कायम केली. ज्यांच्या टीव्हीस समजत असेल, त्यांनीं तो त्या पट्ट्यावर न्यावा. तेथें मायक्रोवेव्हचा उपद्रव नाहीं, आणि भिंती ओलांडण्याची त्याची शक्ति कमी असल्यामुळें शेजारीहि कमी ऐकूं येतात. राउटर दोन्ही पट्ट्यांस एकच नांव देत असेल तर तीं नांवें वेगळीं करावीं, म्हणजे टीव्ही कोठें बसला आहे तें निश्चित कळेल. या पट्ट्यांतील ५२ ते १४४ या वाहिन्यांवर रडारची चाहूल लागतांच कित्येक राउटर वाहिनी सोडून पळतात, आणि चित्र एकदम तुटतें. ३६ ते ४८ मधील वाहिनी घेतल्यास ही भानगड नाहीं. राउटर टीव्हीच्या पाठीशीं अगर लोखंडी कपाटांत दडवून ठेवण्याची हौस अनेक घरीं आढळते. तो शोभेचा नसला तरी उघड्यावर, उंचावर व घराच्या मध्याजवळ असावा.

त्याच रात्रीं आम्हीं मुलास जवळ बसवून, मातोश्रींच्या समक्ष, चूक आमची होती असें सांगितलें. तीन आठवडे तो अभ्यासाचे व्हिडिओ पाहण्यास एका मित्राच्या घरीं जात होता, आणि उशीर कां होतो असें विचारल्यावर नुसतें "चालत आलों" म्हणत होता, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें. तो कांहीं फारसें बोलला नाहीं. मातोश्रींनीं मात्र राउटरचा नवा पासवर्ड त्यानेंच ठरवावा असा निकाल दिला. तो त्यानें ठरविला आहे, आणि आम्हांस लागला म्हणजे त्याला विचारून घ्यावा लागतो.