शुद्धीचा दाखला

‘मला काही होत नाही!’ मद्यपानाच्या बैठकीतून उठताना उच्चारल्या जाणाऱ्या या वाक्याइतके आत्मविश्वासाने भरलेले वाक्य मराठी भाषेत क्वचितच सापडेल. शनिवारी कासारसाईच्या जलाशयाकडे सहलीस गेलेली मंडळी रात्री उशिरा नेरे, मारुंजीच्या बाजूने हिंजवडीकडे परततात, तेव्हा कित्येक मोटारींतून हेच वाक्य घुमत असते. मुळशी तालुक्यातील नेरे हे कालपरवापर्यंत शेतीवर जगणारे गाव. शेजारच्या संगणक-उद्योगाने त्याचा चेहरामोहरा बदलला. रस्ता मात्र अजून गावाचाच आहे. त्यावर गुरे येतात आणि अंधारात पायी चालणारी माणसेही असतात. मोटार हाकणारा गृहस्थ अडाणी नसतो. दिवसभर संगणकासाठी बिनचूक आज्ञा लिहिणे हाच त्याचा व्यवसाय. तर्कावर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्या माणसाचा तर्क चार पेल्यांनी डळमळणार नाही, असे त्यास प्रामाणिकपणे वाटते. हा प्रामाणिकपणाच आम्हांस भयावह वाटतो.

मद्य मेंदूच्या ज्या व्यापारांना प्रथम शिथिल करते, त्यांत सारासारविचार आणि आत्मसंयम हे प्रमुख आहेत. पाय लटपटण्यापूर्वीच विवेक लटपटलेला असतो. आपण शुद्धीवर आहो की नाही, याचा निवाडा ज्या न्यायाधीशाने करावयाचा, त्यालाच प्रतिपक्षाने आधी फितविलेले असते; मग निकाल काय लागणार? सराईत मद्यप्याची जीभ अडखळत नाही, म्हणून तो अधिक सुरक्षित, ही समजूतही फसवी. सरावाने नशेची बाह्य लक्षणे झाकली जातात. डोळ्यांनी धोका पाहणे आणि पायाने ब्रेक दाबणे यांमधील क्षण मात्र त्यामुळे पूर्ववत होत नाही. गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’मधील सुधाकरास वकील केले, याचे मर्म आम्हांस आता अधिक जाणवते. बुद्धीचा व्यवसाय करणाराच स्वतःची बाजू स्वतःपुढे इतक्या चातुर्याने मांडू शकतो.

एका शास्त्रज्ञाची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. 19 एप्रिल 1943 रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आल्बर्ट हॉफमन यांनी आपणच शोधून काढलेले एलएसडी हे द्रव्य एक मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्शाइतके, स्वतःवर प्रयोग म्हणून घेतले. थोड्याच वेळात बोलणेही कठीण होऊ लागले, तेव्हा त्यांनी आपल्या साहाय्यिकेस घरापर्यंत सोबत करण्याची विनंती केली. युद्धकाळात मोटारी दुर्मिळ. दोघे सायकलींवरून निघाले. आपली सायकल जागच्या जागी खिळली आहे, असे हॉफमन यांस सारखे वाटत होते. आपण चांगल्या वेगाने आलो, असे साहाय्यिकेने त्यांस नंतर सांगितले! रसायनशास्त्राचा पंडित, सावधपणे मोजून घेतलेली मात्रा, आणि तरीही वेगाची साक्ष देण्यास दुसरे माणूस लागले. त्या सायंकाळी हॉफमन यांचा विवेक शाबूत राहिला, तो सोबत मागण्यापुरता. पुढचा सारा विवेक शेजारच्या सायकलीवर होता.

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. 1954 साली पंजाबातील एका लग्नसमारंभात मद्य प्यालेल्या निवृत्त जमादाराने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास जरा बाजूस सरकावयास सांगितले. मुलगा सरकला नाही, एवढ्यावरून त्याने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. पकडले जाताच तो क्षमा मागू लागला. सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या खटल्यात त्याची नशेची सबब फेटाळली. स्वेच्छेने नशा करणाऱ्याच्या ठायी शुद्धीवरील माणसाइतकीच जाणीव होती असे कायदा धरून चालतो. हे तत्त्व पूर्वी भारतीय दंड संहितेत होते, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत आहे. मोटार हाकणाऱ्यासाठी तर कायदा साधा आकडाच सांगतो: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क नको. ‘मला काही होत नाही’ या वाक्यास तेथे किंमत नाही.

परंतु हा आकडा मद्यापुरताच आहे. अन्य अमली द्रव्यांसाठी वाहनावर योग्य ताबा ठेवता येत नसावा, एवढीच कसोटी मोटार वाहन कायदा देतो. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात कुरकुंभ येथील कारखान्यातून मेफेड्रोनचा शेकडो किलोंचा साठा पुणे पोलिसांनी पकडला. हे द्रव्य माणसास सुस्त करीत नाही. उलट त्यास उल्हास आणि आत्मविश्वास देते. ज्याचा आत्मविश्वास फुगलेला आहे, त्यास स्वतःच्या असमर्थतेची शंका कोठून येणार?

आणि आकडा असूनही काय घडते, ते 19 मे 2024 च्या रात्री कल्याणीनगरात पुण्याने पाहिले. अल्पवयीन मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मुलगा दारू प्याला होता, असा पोलिसांचा आरोप. त्याहून धक्कादायक आरोप पुढे आला: त्याच्या रक्ताचा नमुनाच बदलण्यात आला, आणि त्या प्रकरणी डॉक्टरांस अटक झाली. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. मद्याने न झिंगणारा असा एकच साक्षीदार कायद्यापाशी होता, आणि त्यालाच फोडल्याचा हा आरोप आहे.

कोणी दारूबंदीची आठवण देईल. त्या मुंबई राज्यातील प्रयोगाने हातभट्ट्या किती वाढविल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. आणि महाराष्ट्रात आजही प्रकृतिस्वास्थ्यासाठी म्हणून पिण्याचा परवाना मिळतो, ही गंमतही वाचकांस ठाऊक असेल. आमचे मागणे अगदी लहान आहे. बैठकीत न पिणारा एक जण आधीच ठरावा आणि मोटारीच्या किल्ल्या पहिल्या पेल्यापूर्वी त्याच्या स्वाधीन व्हाव्यात. चौथ्या पेल्यानंतर मागून त्या कोणी देत नाही. रात्रपाळीच्या नोकरांस घरी पोहोचविण्याकरिता गाड्या ठेवणाऱ्या हिंजवडीतील कंपन्यांनी आपल्या मेजवान्यांच्या रात्रीही त्या ठेवाव्यात. आणि पोलिसांनी श्वास-तपासणी शहरातील चौकांपुरती न ठेवता शनिवारी मध्यरात्री नेऱ्याच्या रस्त्यावरही उभे राहावे.