ठिपक्यांची रांगोळी येते? मग कोडिंगही येईल

‘चित्र काढायला सांगा, लगेच काढते. पण ते कोडिंग वगैरे आपल्याला जमणारं नाही.’ हे वाक्य तुम्ही स्वतः कधीतरी म्हटलं असेल, नाहीतर घरातल्या मुलीच्या तोंडून ऐकलं असेल. आपल्याकडे दहावीनंतर मुलांची वाटणीच होते. गणित बरं असलं की कॉम्प्युटर, हातात कला असली की आर्ट्स. एकदा हा शिक्का बसला की पुढे कोणी तो पुसायला जात नाही.

पण आज कलेची बरीचशी कामं स्क्रीनवरच होतात. वेबसाइटचं डिझाइन करणारी मुलगी आपलं चित्र प्रोग्रामरला देते आणि तो म्हणतो, ‘हे होणार नाही.’ ते खरंच अशक्य आहे की नुसतं वेळखाऊ, हे तिला कळायला मार्ग नसतो. ती निमूटपणे डिझाइन बदलते. थोडं कोडिंग कळत असेल तर ती तिथेच विचारू शकते, ‘का होणार नाही?’ आपल्या कामावर आपला हक्क राहावा, यासाठी एवढं शिकणं उपयोगी आहे.

वयाची अट नाही

व्हेरा मोलनार यांचं उदाहरण पाहा. १९२४ मध्ये बुडापेस्टला जन्मलेल्या व्हेरा चित्रकार होत्या. त्यांचं शिक्षणही चित्रकलेचंच. पुढे त्या पॅरिसला स्थायिक झाल्या आणि १९६८ मध्ये, म्हणजे वयाच्या ४४व्या वर्षी, कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकल्या. तेव्हा आजच्यासारखा स्क्रीन समोर नसायचा. आज्ञा छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून द्यायच्या आणि चित्र प्लॉटरकडून कागदावर उमटायचं. एकात एक चौकोन काढायचे आणि त्यांची शिस्त थोडीशी बिघडवायची, हा त्यांचा आवडता खेळ. २०२३ मध्ये त्या गेल्या तेव्हा ९९ वर्षांच्या होत्या आणि कॉम्प्युटर कलेच्या आद्य कलाकारांमध्ये त्यांचं नाव घेतलं जात होतं.

कलाकारांसाठी बनलेलं साधन

तुम्हाला आज कार्डांना छिद्रं पाडायची नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी ‘प्रोसेसिंग’ नावाचं साधन सुरू केलं, ते कलाकार आणि डिझायनर डोळ्यांसमोर ठेवूनच. त्याच विचारातून २०१३ मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी ‘पी-फाइव्ह-जेएस’ सुरू केलं. हे ब्राउझरमध्येच चालतं, मोफत आहे आणि काही डाऊनलोड करावं लागत नाही. डावीकडे आज्ञा लिहायच्या, उजवीकडे चित्र पाहायचं. आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहाव्या लागतात, पण शब्द मोजकेच आणि ओळखीचे असतात. सर्कल, लाइन, फिल, रँडम. एवढं इंग्रजी कोणालाही येतं.

रांगोळीपासून सुरुवात

समजा, कॅनव्हास ४०० पिक्सेल रुंद आणि ४०० पिक्सेल उंच आहे. मोजणी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होते. उजवीकडे गेलं की पहिला आकडा वाढतो, खाली आलं की दुसरा. आता पाच बाय पाच ठिपक्यांची रांगोळी मांडायची आहे. पहिला ठिपका ४० वर, मग दर ८० पिक्सेलला एक. म्हणजे ४०, १२०, २००, २८०, ३६०. चारही बाजूंना ४० पिक्सेलची मोकळी जागा उरते.

हे २५ ठिपके २५ ओळी लिहूनही काढता येतील. पण उंबऱ्यासमोर बसल्यावर तुम्ही प्रत्येक ठिपक्याचा वेगळा विचार करता का? नाही. ‘एका ओळीत पाच, अशा पाच ओळी’ एवढंच मनात असतं. कोडिंगमध्ये यालाच लूप म्हणतात. एक लूप ओळीतल्या ठिपक्यांसाठी, दुसरा ओळींसाठी. मग सुरुवात ४० ऐवजी २०, अंतर ८० ऐवजी ४० आणि पाचाच्या जागी दहा करा. शंभर ठिपके क्षणात तयार!

आता गंमत करा. प्रत्येक ठिपका रँडमने थोडासा इकडेतिकडे सरकवा. ठिपके एकदम थरथरायला लागतील. घाबरू नका. ‘ड्रॉ’मधल्या आज्ञा एका सेकंदात साधारण ६० वेळा पुन्हा चालतात, म्हणून प्रत्येक वेळी ठिपक्याला नवी जागा मिळते. ‘नो-लूप’ ही आज्ञा दिली की चित्र स्थिर होतं.

रांगोळी आणि कॉम्प्युटरचं नातं ओढूनताणून लावलेलं नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासोबत तामिळनाडूतल्या कोलमचा अभ्यास करून १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. भाषेला जसं व्याकरण असतं तसेच कोलमच्या आकृत्यांचेही नियम मांडता येतात, हे त्यांनी दाखवलं. दारात बसून कोलम काढणाऱ्या बायकांच्या बोटांत ते नियम आधीपासूनच होते.

एआय असताना शिकायचं कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आज एआयला सांगितलं की कोड लिहून मिळतो. पण मिळालेलं चित्र मनासारखं नसेल तर? रेषा जरा जाड हवी, वर्तुळ थोडं डावीकडे हवं, रंग संध्याकाळचा हवा. मूळ गोष्टी कळत असतील तर तुम्ही नेमका तो आकडा शोधून बदलता. नाहीतर पुन्हा पुन्हा विनवण्या करत बसावं लागतं. मिक्सर घरात असला तरी चटणीत मीठ किती हवं हे आपल्यालाच कळावं लागतं, तसंच आहे हे.

पैसे भरण्याआधी

‘तीन महिन्यांत डिझायनरपासून डेव्हलपर’ अशा जाहिराती पाहून लगेच फी भरू नका. आधी महिनाभर मोफत शिकून पाहा. रोज अर्धा तास पुरतो.

पहिल्या आठवड्यात फक्त आकार आणि रंग. लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी ० ते २५५ अशा आकड्यांनी रंग बनतात.

दुसऱ्या आठवड्यात लूप. साडीची किनार, फरशीची नक्षी, गोधडीचे चौकोन, जे आवडेल ते काढा.

तिसऱ्या आठवड्यात हालचाल. माउस फिरेल तसं चित्र बदलू द्या.

चौथ्या आठवड्यात स्वतःचं एक काम पूर्ण करा. घरच्या कार्यासाठी पाहुण्यांच्या नावांची यादी देऊन प्रत्येकाचं वेगळं निमंत्रण बनवता येतं.

वाटेत लाल अक्षरांत चूक दाखवली जाईल. बहुतेक वेळा एखादा कंस राहिलेला असतो किंवा मोठ्या-लहान अक्षरांची गल्लत झालेली असते. विणताना टाका सुटला तर सगळा स्वेटर आपण फेकून देत नाही. तो टाका शोधतो, तेवढंच उसवतो आणि पुढे विणतो. इथेही तेच करायचं.

महिन्याअखेरीस गोडी वाटली तर कोर्सचा विचार करा. नाही वाटली तरी तुमचा एक रुपयाही गेलेला नसेल आणि पुढच्या वेळी ‘हे होणार नाही’ असं कोणी म्हटलं की काय विचारायचं, हे तुम्हाला माहीत असेल. घरात चित्रं काढणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांनाही शेजारी बसवा. पहिले पंचवीस ठिपके दोघं मिळून मांडा.