मुहूर्त कोणी ठरवावा?

पावसाळा ओसरू लागला की मुंबई बंदरात शिडाच्या क्रीडानौकांची धांदल सुरू होते. ऑक्टोबर ते मे हा त्यांचा हंगाम. निमंत्रणपत्रिका छापल्या जातात, नव्या रंगाचा वास दरवळतो, नारळ आणला जातो. कुठे आशीर्वादासाठी धर्मगुरूंनाही पाचारण केले जाते. डोलकाठीच्या टोकाशी काय स्थिती आहे, हे मात्र अनेकदा कोणी वर चढून पाहिलेलेच नसते. माझा आक्षेप समारंभाला नाही, आशीर्वादाला तर मुळीच नाही. तारीख आधी ठरवायची आणि नौकेने त्या तारखेला निमूटपणे तयार व्हायचे, या उफराट्या न्यायाला माझा आक्षेप आहे.

यावर ठरलेले उत्तर येते : ‘आपल्या पूर्वजांनी कोठे एवढ्या तपासण्या केल्या?’ हा पूर्वजांवर अन्याय आहे. कोकणातला मचवा पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून घेत, तेव्हा शीड, परबाण, दोर सारे उतरवून छपराखाली ठेवले जाई. हंगामाच्या तोंडावर ते पुन्हा चढवताना प्रत्येक दोर कोणाच्या तरी बोटांखालून जाई. कुजका दोर तेथे लपणे कठीण होते. तपासणी हा निराळा विधी नव्हता. ती जोडणीतच सामावलेली होती. आपण तो उकलण्याचा भाग टाकून दिला आणि नारळ तेवढा ठेवला.

आजच्या नौकेची डोलकाठी वर्षानुवर्षे उभीच राहते. तिला चहूंबाजूंनी धरून ठेवतात पोलादी तारांचे ताण. ‘न गंजणारे पोलाद’ हे नावच आपल्याला गाफील करते. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीत खारे पाणी मुरते, आत हवा खेळत नाही आणि गंज नेमका तेथेच धरतो. बाहेरून तार चकचकीत! ताण खाली अडकवणारी खीळ निसटू नये म्हणून तिच्यात एक लहानशी पिन असते. ती गेली तर डोलकाठी कोसळू शकते. तुटका तंतू शोधण्यास महागडे यंत्रही लागत नाही. तारेवरून कापसाचा बोळा फिरवावा. जेथे तंतू तुटला असेल तेथे कापूस अडकतो. नळीच्या आतले मात्र कापसालाही कळत नाही, म्हणूनच दहा ते पंधरा वर्षांनी ताण बदलावेत असा जाणकारांचा सर्वसाधारण सल्ला असतो.

‘इंजिन आहे ना?’ असेही विचारले जाते. डोलकाठी पडते तेव्हा तारा आणि दोर पाण्यात लोंबकळतात. अशा वेळी इंजिन सुरू केले तर तेच दोर पंख्यात गुंतण्याचा धोका असतो. ज्या घटकेला इंजिन हवे, त्याच घटकेला ते हाताशी नसते.

कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्या नऊ महिन्यांचे कौतुक आपण केले, आणि ते योग्यच होते. परंतु 2006 पासूनची तयारी कितीजणांच्या स्मरणात आहे? गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती नौका आकाराला येत असताना दोंदे तेथे स्वतः राबत होते. तीन वर्षांची तयारी आणि नऊ महिन्यांचा प्रवास, हे प्रमाण आपल्याला काही शिकवणार आहे की नाही?

खरा प्रश्न तंत्राचा नाही, अधिकाराचा आहे. डोलकाठीवर चढणारा कारागीर रोजंदारीवर असतो. त्याने खाली उतरून ‘साहेब, या आठवड्यात नको’ असे म्हटले, तर त्याचे ऐकले जाते काय? पाहुणे बोलावून झालेले असतात. मग ‘एवढी फेरी होऊ दे, पुढे बघू’ असे सांगून त्याला गप्प बसवले जाते. नौकेत बसणार असतात कोवळी मुले, कोणाच्या तरी लेकी, कोणाचे तरी वडील. त्यांच्या जिवाची जोखीम पत्रिकेवरील तारखेने उचलावी?

म्हणून मागणी एवढीच : डोलकाठी उतरवता येत नसेल तर निदान वर चढून प्रत्येक जोड पाहिला जावा, आणि पाहणाऱ्याच्या ‘नाही’पुढे मालकाचे ‘हो’ चालू नये. पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी त्या कारागिराला विचारा. आशीर्वादाची प्रार्थना आठ दिवसांनी केली, म्हणून तिचे मोल कमी होत नाही.