मान कोणाच्या हाती?

संत्र्याच्या हंगामात काटोलच्या बाजारात ओझी वाहणारा हमाल, उत्तरपत्रिकांवर वाकलेला शिक्षक आणि टेबलाशी खिळलेला कारकून यांचे एक दुखणे समान असते, ते मानेचे. त्यावरील लोकमान्य उपायही जुनाच आहे. केस कापून झाल्यावर झटक्यासरशी मान वळवून घेण्याची आणि 'कट्' असा आवाज आला की समाधान मानण्याची रीत गावोगाव आढळते. आता तशाच झटक्याला 'कायरोप्रॅक्टिक' हे पाश्चात्त्य नाव आणि मोबाइलवरील चित्रफितींची प्रसिद्धी लाभली आहे. म्हणूनच या उपचाराचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा.

अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे १८९५ साली डी. डी. पामर यांनी ही पद्धती सुरू केली. बहुतेक रोगांचे मूळ जागचे हललेल्या मणक्यांत असते, हा त्यांचा सिद्धांत. त्यांचे पुत्र बी. जे. पामर यांनी पुढे मानेच्या अगदी वरच्या मणक्यांवर सारा भर दिला. कवटीचा भार पेलणारा पहिला मणका, म्हणजे 'ॲटलस', नीट बसविला की प्रकृती सुधारते, या दाव्याला त्यातूनच बळ मिळाले. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील प्राथमिक अभ्यासात अशा उपचाराने रक्तदाब उतरल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. परंतु ५० रुग्णांवरून सिद्धांत प्रस्थापित होत नाही. मानदुखीत काहींना हस्तोपचाराने आराम पडतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

प्रश्न जोखमीचा आहे. मेंदूच्या मागील भागास रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात आणि ॲटलसला वळसा घालून कवटीत शिरतात. मान वळते तेव्हा जवळजवळ निम्मे वळण पहिल्या दोन मणक्यांतच होते. तेथे जोराचा हिसका बसून धमनीचे आतले अस्तर फाटले, तर गुठळी होऊन पक्षाघात ओढवू शकतो. असे क्वचितच घडते. शिवाय, धमनी आधीच फाटल्यामुळे मान दुखते आणि म्हणून रुग्ण उपचारकाकडे जातो, असेही संभवते. त्यामुळेच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली कार्यकारणभाव सिद्ध झाल्याचे म्हटले नाही. मात्र उपचारापूर्वी रुग्णास या संबंधाची कल्पना द्यावी, असे बजावले. बळ्ळारी येथे केशकर्तनालयातील मालिशीत मान वळविल्यानंतर एका तरुणास पक्षाघात झाल्याचे वृत्त २०२४ साली आले होते. सुश्रुताने वर्णिलेल्या १०७ मर्मांत शिर आणि मान यांच्या सांध्यावरील 'कृकाटिका' हे मर्म आहे व त्यावरील आघाताने वैकल्य येते असे सांगितले आहे, याचेही येथे स्मरण व्हावे.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. डॉक्टरच्या वा भौतिकोपचारतज्ज्ञाच्या नोंदणीची खातरजमा करता येते. केवळ पाटी लावून बसलेल्या उपचारकाबाबत तशी सोय नाही. अपाय झाल्यास जबाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. काटोलहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. मान वळविल्यानंतर भोवळ, दुहेरी दिसणे, बोबडी वळणे वा तोल जाणे यांपैकी काहीही जाणवल्यास घरी पडून राहणे घातक ठरेल.

शासनाने या व्यवसायास नियमांच्या चौकटीत आणावे, ही मागणी रास्तच आहे. तोवर मान दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारण्यात संकोच कसला? क्षणिक आरामाच्या मोबदल्यात पणाला लागते ती मान मात्र एकच असते.